रविवारी बाहेर

तारकर्लीच्या रस्त्यावर नवं इटालियन रेस्टॉरंट निघाल्यापासून दीपेश आणि त्याची बायको तेजस्वी रविवारी दुपारी तिथेच जेवायला जाऊ लागले. निघताना दीपेश आईला म्हणायचा, "थंयचा जेवाण तुका आवडाचा नाय गो," आणि जानकीबाई हसून मान हलवायच्या. खरं तर या दोघांना दोघांनीच जायचं असायचं, आणि तेच तेजस्वीच्या मनाला टोचत राहायचं.

आज तर मश्रूमचा रिसोटो समोर आला, तरी ती तो नुसता चमच्याने चिवडत राहिली.

"आई घरी एकट्याच पेज पीत बसल्या असतील," ती म्हणाली. "शोभतं का आपल्याला हे?"

दीपेशलाही ते लागलं. आईसाठी एक पिझ्झा बांधून घेऊन दोघं अर्ध्या जेवणावरून उठली. पुढच्या रविवारी काही झालं तरी आईंना बरोबर आणायचं, हे तेजस्वीने गाडीवर मागे बसल्या बसल्याच ठरवून टाकलं.

घरी आले, तर सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या आणि स्वयंपाकघरात उदबत्त्यांचा जुडगाच्या जुडगा जळत होता. जानकीबाई पाटावर बसून अगदी मन लावून जेवत होत्या. सून दारात दिसताच त्यांनी घाईघाईने ताटावर पदर ओढला.



"रागाव नको गो बाय," त्या ओशाळून म्हणाल्या, "तुका सुक्या बांगड्याचो वास सोसणा नाय, म्हणान तुमी भायर जेवक गेलास काय तेवढोच एक भाजतंय."