एकच सीट

बसमध्ये एक सीट मोकळी होती आणि रस्त्याकडेला दोघं उभी होती.

नानासो दारातच थबकला. अठ्ठावीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून काढलेला माणूस, म्हणून गावाने कराडच्या स्टेडियमला जायची बस ठरवायचं काम त्याच्याच गळ्यात मारलं होतं. चार दिवस तो फोनला चिकटून होता. बसवाला ठरला, फिरला, पुन्हा ठरला. मोठी गाडी बाजारपेठेत सोडत नाहीत, ती मलकापूरला लावून पुढे रिक्षा करायच्या, हे त्याने तीन जणांना विचारून पक्कं केलं. खिडकीच्या जागेवरून दोन घरांचं बोलणं बंद झालं, तेही मिटवलं. हलगीवाल्यांची सोय झाली. बॅनरवर गावातल्या अकरा पुढाऱ्यांचे फोटो बसले आणि उरलेल्या कोपऱ्यात स्वप्नालीचाही बसला. आज अकरा वाजता फायनलची कुस्ती तिची होती, पुढाऱ्यांची नव्हे.

ड्रायव्हरमागच्या बाकड्यावर एक जागा नानासोची आणि शेजारची त्याने पुतण्यासाठी, म्हणजे स्वप्नालीच्या बापासाठी राखलेली. बिरदेव दिवाळीपासून मेंढरं घेऊन या उसाच्या पट्ट्यात फिरत होता. त्याला वाटेतच, शेतावरून घ्यायचं ठरलं होतं.

बिरदेव धुतलेला फेटा बांधून उभा होता. आणि त्याच्या शेजारी त्याची बायको मंगल. नवी साडी, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. हातात डब्याची पिशवी.

"तू बी?" नानासोच्या तोंडून निघून गेलं.

मंगलने मान खाली घातली. बिरदेव म्हणाला, "आवं नाना, आई हाय की ती पोरीची."

"व्हय रं. पर मेंढरांमागं कोण ऱ्हाणार?"

बिरदेव बसच्या खिडक्यांकडे बघत राहिला. "आमास्नी वाटलं, तुमी कुणाला तरी आणलं आसंल."

बसमध्ये सत्तेचाळीस माणसं होती. एकूण एक धनगराचं, मेंढरांच्या पायात वाढलेलं. निघताना त्यांना हलगी आठवली, हार आठवला, गुलाल आठवला. जिची पोरगी खेळणार तिच्या मेंढरांमागे आज दुसरं माणूस लागेल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मेंढरांमागे कोणीतरी असतंच, हे ही माणसं जन्मापासून धरून चालतात. आणि ते कोणीतरी म्हणजे मंगल, हे नानासोनेही धरलं होतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तो दोन पायऱ्या वर चढला.

"एकानं उतरा गड्यांनो. दोनशे मेंढरं हायती. दिस मावळंस्तवर राखायची. येताना बस हितंच थांबंल."

पुढच्या दोघांनी फोन काढले. रंगुबाईने डोळे मिटून घेतले. आतापर्यंत तिची बडबड सगळ्या बसला ऐकू येत होती.

"नाना, माज्याबिगर हलगी कोण वाजवणार?" रविराज म्हणाला.

"मंगलला फोनवर दावू की," मागून मानसिंग बोलला. "समदं दिसतंय आता फोनवर."

"दोन वरसं ती फोनवर नुसता आवाज ऐकतिया पोरीचा," नानासो म्हणाला.

स्वप्नाली दोन वर्षं तालमीच्या वसतिगृहात होती. सुट्टीत ती गावी यायची तेव्हा आईबाप मेंढरांबरोबर कुठल्या कुठे असायचे.

खालून मंगलचा आवाज आला. "ऱ्हाऊ द्या नाना. मी थांबती. उशीर व्हतोय तुमास्नी." तिने पिशवी बिरदेवच्या हातात कोंबली. "तिला एवढं द्या. लोणी हाय."

नानासोला खरं तर सगळ्या बसवर ओरडायचं होतं. पण ओरडायलाही अंगात काही उरावं लागतं. त्याने खिशातली यादी काढून रविराजच्या हातात दिली. "रिक्षावाल्याचा लंबर खाली लिवलाय. येताना माणसं मोजून घे." मग तो उतरला आणि बिरदेवच्या हातातली काठी त्याने काढून घेतली.

"चढ मंगल."

"आन तुमी?"

"मी लय गाड्या बघितल्यात. चढ."

"तुमास्नी जमंल?"

"न जमाय काय झालं? मी काय सायबाच्या पोटी जल्मलोय व्हय? चढ म्हंतो न्हवं!"

मंगल चढली. बिरदेवने तिला खिडकीची जागा दिली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, तशी ती खिडकीतून वाकली. तिचा चेहरा घाबराघुबरा झाला होता.

"नाना, केस कापल्यात म्हणं तिनं. पार पोरावानी. अंग बी लय भरलंय. एवढ्या माणसांत मला वळखू यील का वं ती?"

नानासो खिडकीखाली सरकला.

"तू नुसती हाळी दे," तो म्हणाला. "मेंढरास्नी देतीस तशी. तीच वळखंल तुला."

बस हलली. तिला ते पटलं की नाही, कळलं नाही. शंभर पावलांवर गेल्यावर मात्र मंगलने खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि एकदा हाळी देऊन बघितली.

नानासोच्या मागे, तुटल्या उसाच्या रानात चरणाऱ्या दोनशे मेंढरांनी एकदम माना वर केल्या आणि ती सगळीच्या सगळी बसमागे पळत सुटली.