सौरवचं एक वाक्य

या मायबापहो, असे जवळ सरकून बसा. वाडीच्या शोभाताईंची गोष्ट सांगायची आहे, आणि ती मोठ्यानं सांगण्यासारखी नाही.

लेकीनं, मयुरानं, लिहिलेली कादंबरी शोभाताई कीर्तन ऐकावं तशा हात जोडून ऐकत होत्या. अपघातात गेलेल्या सौरवबद्दल कादंबरीतलं सारं घर बोलत होतं. मयुराचा खराखुरा थोरला भाऊच तो, नावासकट कादंबरीत आलेला. फक्त सौरव स्वतः कुठंच बोलत नव्हता.

"तो बोलत काहून नाही वं?" वाचन संपताच शोभाताईंनी विचारलं.

"आजच्या कादंबरीत असं असते, आई. जो नाही, त्याच्यावरच सारी गोष्ट उभी राहते."

"मोठी आली लेखिका! कीर्तनात रेडाही वेद बोलते, अन् तुले सख्ख्या भावाच्या तोंडी एक वाक्य देता येत नाही?"

मयुरानं कागद खाली ठेवले. "खूप लिहिली, आई. सारी माझ्याच आवाजात येत. त्याचा आवाजच आठवत नाही मले."

शोभाताईंनी तिला कुशीत ओढलं. "मले वाटे, मीच एकटी विसरली. म्हणून तर ऐकाले बसली होती."

मायबापहो, तुमच्यापैकी कोणी वाडीच्या सौरवला बोलताना ऐकलं असेल, तर तेवढं आठवून ठेवा.