गाऱ्हाणं

आत्माराम खुर्चीवर चक्क मांडी घालून बसला, अशील खुदकन हसला, आणि मालनच्या पोटात दुखायला लागलं.

तिची पंधरा मिनिटं नुकतीच संपली होती. लॉ कॉलेजची ही अशिलाला सल्ला द्यायची स्पर्धा, आणि अशील काही नाटकातला नव्हता. काशीराम मुंबईच्या गिरणीतली नोकरी सुटल्यावर गावी परतला होता. मेव्हण्याच्या, म्हणजे बाबल्याच्या, भागीत तो मिरजोळ्याच्या एमआयडीसीत काजू सोलायचा कारखाना काढणार होता. परीक्षक होते सुर्वे वकील. पहिला येईल त्याला ते आपल्या ऑफिसात ज्युनिअर घेणार होते. मालन आधीच तीन वकिलांच्या पायऱ्या झिजवून आली होती. मुलगी म्हटल्यावर तिघांनीही चहा पाजून वाटेला लावलं होतं. हा नंबर हुकला की गाशा गुंडाळून गाव गाठायचं आणि मार्गशीर्षात बोहल्यावर चढायचं, हे घरात ठरलेलं होतं.

तिनं सल्ला चोख दिला होता. भागीदारीचा लेखी करार, त्याची नोंदणी, वाद झालाच तर लवाद. कलमांचे आकडेसुद्धा तोंडपाठ. काशीराम नुसता मान हलवत राहिला. शेवटी म्हणाला, "बाय, तुजा सगला खरा. पन मेवन्याम्होरं कागद ठेवला तं त्याला वाटंल, माजा त्याच्यावर इस्वास न्हाय. मंग घरात भांडान."

"व्यवहारात विश्वास चालत नाही," मालननं सुनावलं होतं.

आणि आता हा आत्माराम. वडील बोटीवर, घर शहरात, अंगात परदेशी शर्ट. वर्षभर हुंदडायचं, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मालनच्याच वह्या न्यायच्या आणि तिच्यापेक्षा चार मार्क जास्त काढायचे. तेही एक वेळ तिनं गिळलं असतं. पण तो काशीरामशी गावच्या बोलीत बोलायला लागला. ती बोली जिभेवरून घासून काढण्यात मालनची तीन वर्षं गेली होती. त्याच्या तोंडी तीच बोली गोड वाटत होती. आपण तसं बोललो असतो तर लोक गावंढळ म्हणाले असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचा तिळपापड झाला.

"काका, तुमच्याकडं नवीन काय करायचा तं देवाला गाऱ्हानं घालतात ना?" आत्मारामनं विचारलं.

"घालतात तं! त्याच्याबिगर पान हालत न्हाय."

"मंग झाला. कागद करायचाच. पन आदी त्यातली एकेक अट गाऱ्हान्यात बोलून घ्या. कोनी काय घालायचा, कोनी काय बघायचा, पटला न्हाय तं वेगला कसा व्हायचा. प्रत्येक अटीला चारचौघांबरोबर बाबल्या 'व्हय म्हाराजा' म्हनंल. देवाम्होरं बोललेला मागाहून कागदावर लिवला, तं त्यात कसला अविश्वास?"

काशीराम खुर्चीच्या कडेला सरकला. "ह्या बेस! ह्याला बाबल्या न्हाय म्हनायचा न्हाय."

हे तो कुठं शिकला, ते मालनला ठाऊक होतं. गेल्या शिमग्याला वर्गातली चार मुलं पालखी बघायला तिच्या गावी आली होती. पालखीसमोर गाऱ्हाणं, म्हणजे गावाच्या वतीनं देवाला साकडं, घालत होते तिचे वडील, आप्पा. उघडे, अनवाणी, बेंबीच्या देठापासून ओरडत. बाकीची मुलं हसू दाबत होती आणि मालनला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. आत्माराम तेवढा तोंड उघडं टाकून ऐकत होता. म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण खरं सांगायचं तर कळसा काखेत आहे हे ती विसरलीही नव्हती. काशीराम भांडणाचं बोलला तेव्हा तिला गाऱ्हाणंच आधी आठवलं होतं, आणि लाजेनं तिनं ते गिळून टाकलं होतं. तिच्या घरातलं उत्तर देऊन आता दुसराच पहिला येणार होता.

प्रत्येकानं दुसऱ्याला एक प्रश्न विचारायचा, असा नियम होता. मालन उभी राहिली.

"उद्या वाद कोर्टात गेला तर साक्षीला देवाला समन्स काढणार का? चार अडाणी माणसांच्या ओरडण्यावर धंदा उभा करायचा, हा वकिलाचा सल्ला झाला?"

हॉल खदखदून हसला. सुर्वे वकिलांनीही हसत हसत काहीतरी लिहून घेतलं. आत्मारामला उत्तर देता आलं असतं. त्यानं मालनकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि न बोलता खाली बसला. हरला, असं म्हणून मालनच्या जिवाला थंडावा वाटला.

पहिला नंबर मालनचा आला. सुर्वे वकील म्हणाले, "सोमवारपासून ये." मैत्रिणींनी गराडा घातला. त्यातूनही तिचे डोळे आत्मारामला शोधत होते. त्याचं पडलेलं तोंड तिला एकदा बघायचं होतं. पण तो केव्हाच निघून गेला होता.

गर्दी सरल्यावर काशीराम व्हरांड्यात तिच्याजवळ आला.

"बाय, कागद तुज्याकडनंच करनार. पन बाबल्याची सही होईल ती गाऱ्हान्यानंतरच. आमच्या वाडीत गाऱ्हानं घालनारा कोन उरला न्हाय, सगले मुंबयला. त्या पोराला इचारला, तं त्यानं तुज्या गावच्या आप्पांचा नाव सांगितलान. म्हनाला, तसा गाऱ्हानं मी जल्मात ऐकला न्हाय. वलकतंस त्यांना?"

सुर्वे वकील दोन पावलांवर उभे होते.

"गावातले एक आहेत," मालन म्हणाली.

"आस्सं?" काशीराम डोकं खाजवत म्हणाला. "मी त्याला इचारला व्हता, आप्पा त्या बायचे कोन? तं म्हनाला, ता तिलाच इचारा. माजे बापूस असते तं मी गावभर सांगत फिरलो असतो."