पऱ्ह्यातून वाहत आलेला

भागोजीने शिडी वर ओढली आणि सरळ दरीत लोटून दिली.

अमजदच्या तोंडून शिवीच निघाली. खाली, गुरांच्या मुरघासाच्या जमिनीतल्या टाकीत, गोठ्यावर राबणारा तरणा मंगेश पडला होता. गेल्याच आठवड्यात कापून भरलेला मका, त्यावर पालथा, आणि हलत नव्हता. महाडहून पेंडीची पोती घेऊन आलेल्या अमजदने धाकट्या भावाला, सोहेलला, उतरायला सांगितलं होतं. सोहेलचा पाय शिडीवर पडलाही होता. तेवढ्यात या म्हाताऱ्या राखणदाराने त्याला कॉलर धरून मागे खेचलं.

“खाली वायू हाय. उतरंल तो परत यायचा नाय.”

भागोजीचं कोण खरं मानणार? सकाळपासून त्याचं तोंड चालू होतं. त्याच्या बकरीने म्हणे कुडपणच्या बिबट्याला गोठ्यात डांबून ठेवला होता. हा मंगेश कोणाचा, असं अमजदने सहज विचारलं, तर म्हणाला, मागच्या पावसात फुगलेल्या पऱ्ह्यातून वाहत आला भोपळ्यासारखा, बरा दिसला, ठेवून घेतला. मंगेशही पोट धरून हसला होता.

विहिरीत उतरण्याआधी टाकतात तसा सोहेलने पेटता कागद खाली टाकला. तो विझला नाही. मग कसला वायू, म्हणून अमजद ओरडला. भागोजीने नुसतं बोट दाखवलं. मक्यावर पिवळट धूर बसून होता.

मग विहिरीतली कळशी काढायचा गळ घेऊन म्हातारा काठावर आडवा पडला. गळ सदऱ्यात अडकला, सदरा फाटला. पुन्हा सोडला. पुन्हा सुटला. शिडी फेकून आता मासे धरतोस का, जीव गेला तर तुझ्या माथी, असं अमजद त्याच्या डोक्यावर उभा राहून बोलत होता. भागोजी, ज्याची जीभ सकाळपासून टाळूला लागली नव्हती, फक्त गळ पुन्हा पुन्हा खाली सोडत राहिला.

अखेर गळ मंगेशच्या कमरेच्या पट्ट्यात रुतला. तिघांनी मिळून ओढलं.

पोलादपूरहून रुग्णवाहिका घाट चढून आली. डॉक्टरबाईंनी मंगेशच्या मानेवरचा हात काढून घेतला. या पिवळ्या वायूत कागद जळत राहतो, माणूस मरतो; कोणी मागून उतरलं असतं तर तोही असाच इथे असता, म्हणाल्या. अमजदने सोहेलचा दंड घट्ट धरला.

“याच्या घरचं कोणी आहे?” बाईंनी विचारलं.

अमजद नाही म्हणायला तोंड उघडणार, तोच गळाची दोरी गुंडाळत भागोजी म्हणाला,

“माझा पोरगा हाय, बाई. वाहत नाय आला.”