बंगळूरचा फोन

दुपारी खडकी स्टेशनच्या जुन्या दगडी इमारतीपाशी ऋतिका लोकलची वाट पाहत होती. समोरच्या फलाटावर तिला इंद्रजीत दिसला. तिचा नवरा कालच कंपनीच्या कामासाठी बंगळूरला गेला होता. इथे मात्र तो एका बाईच्या खांद्यावर हात टाकून बाकावर बसला होता.

ऋतिकाने त्याला फोन लावला. समोर त्याने उचलला.

"बंगळूरलाच आहे गं. मीटिंग चाललीय."

फोन कानाला तसाच धरून ती पूल ओलांडून त्याच्यापुढे उभी राहिली. "लाज नाही वाटत?"

इंद्रजीतने अनोळखी नजरेने तिच्याकडे पाहिलं आणि तो फोनमध्ये म्हणाला, "ऋतिका, थांब जरा. कुणीतरी बाई अंगावर येतेय."

ऋतिकाने कानावरचा फोन काढून बंद केला.

त्याच्या फोनमधून मात्र तिचाच आवाज आला, "जपून रे. लक्षच देऊ नकोस तिच्याकडे."