त्याच्याच पेटीत

“मेलेल्याला कशाला उठवतेस गं? राहू दे ना पडून!”

“मेलंबिलं काही नाही, काका. पट्टा वितळलाय फक्त.” पानाने मानही वर केली नाही. “आणि बोलायचंच असेल तर आत येऊन बोल. दारात उभा राहून उजेड अडवू नकोस.”

काका आत आला नाही. कथलाचा डाग द्यायच्या धुराने डोकं चढतं, असं तो कायम म्हणायचा. ही खोली त्यानेच बांधून दिली होती, दादा गेला त्या वर्षी, मागच्या अंगणात घाईघाईने फरशी टाकून. पण उंबरा त्याने कधी ओलांडला नाही.

टेबलावर दादाच्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क ड्राइव्ह उघडी पडली होती. घरात तिला पेटीच म्हणत. आतला रबरी पट्टा डांबरासारखा होऊन चाकाला चिकटला होता. पानाने स्पिरिटचा बोळा फिरवला, नखाने खरवडलं, नवा पट्टा चढवला. फ्लॉपीला हलकेच दाबून धरणारी मऊ गादी झिजून कागद झाली होती. तीही बदलली. गल्लीत तिला पाना उगाच नव्हते म्हणत.

“घरात भंगाराचं दुकान, आणि मालकीण तू,” काका म्हणाला.

“माझ्याकडे निदान गिऱ्हाईक येतं. तुझ्याकडे कोण येतं?”

काका हसला. तो हसायचा तेव्हा नुसते दात हसायचे.

“तुझ्या आईसाठीच सांगतोय. खपली काढून काय मिळणार?”

आईसाठीच तर चाललं होतं सगळं. आईचे डोळे जात होते. डॉक्टर म्हणाले, दिसतंय तोवर बघून घ्या. आणि आईला एकच गोष्ट बघायची होती. दादाचा निरोप.

बाबांच्या माघारी घर काका चालवायचा, आणि दादाचं त्याच्याशी रोज वाजायचं. एका सकाळी दादा नव्हता. उशीखाली फ्लॉपी सापडली म्हणून काकानेच आणून दिली, काकानेच ती लावून आईला दाखवली. तेव्हापासून ती आईच्या कपाटात, कपड्यांच्या घडीत. आई कुणाला हात लावू द्यायची नाही. “त्याच्याच पेटीत लावायची,” म्हणायची. “दुसरीकडे नाही.”

पानालाही दुसरीकडे लावावीशी वाटली नव्हती. दादाची पेटी वाकडी होती. फ्लॉपी वाचणारं हेड आत पुढेमागे सरकतं. त्याला अडवणारी खुंटी झिजली होती, म्हणून हेड केसभर बाजूला जाऊन बसायचं. दादा जे लिहायचा ते त्या वाकडेपणासकट लिहिलं जायचं. त्याच्या फ्लॉप्या मग फक्त त्याच्याच पेटीत वाचता यायच्या. सरळ मशीन त्यांना ओळखही दाखवायचं नाही. दादा ऐटीत सांगायचा, “माझं कुलूप, माझीच किल्ली.”

म्हणून पानाने बाकी सगळं नवं केलं, पण ती खुंटी तशीच ठेवली.

तिने बटण दाबलं. हेड खुंटीवर आपटलं. ठक ठक ठक. खर्र.

“आला का गं ठोंब्या?” आतून आईचा आवाज आला.

काकाने दाराची चौकट धरली.

“आई, पेटी आहे ती!” पाना ओरडली. दादा घरात असला की हा आवाज यायचा. जेवायला कितीही हाका मारा, उत्तर म्हणून हीच ठकठक.

आई भिंत चाचपत आली, काकाच्या बाजूने आत शिरली, स्टुलावर बसली. पानाने दादाची एक फ्लॉपी लावली. पडद्यावर चौकोनी डोक्याचं मांजर आलं, एका बाजूलाच मिशा असलेलं. आईने नाक काचेला टेकवून बघितलं आणि हसली.

“मेल्याला मांजर कधी जमलंच नाही.”

मग दादाचा खेळ लावला. तोही लागला. मग आईने पदराआडून ती फ्लॉपी काढली.

ठक ठक ठक. खर्र. वाचता येत नाही.

परत. हेड पुसून परत. तेच.

“गेली ती,” काका दारातून म्हणाला. “बुरशी लागली असणार. सोड आता.”

“तू गप रे!” पानाने फ्लॉपी उजेडात धरली. बुरशी नव्हती. ओरखडासुद्धा नव्हता.

आई नुसती पडद्याकडे तोंड करून बसून राहिली. तेच पानाला सहन होईना. बाजूला गिऱ्हाईकाची ड्राइव्ह होती, कालच दुरुस्त केलेली, सुतासारखी सरळ. तिने चिडून मांजराची फ्लॉपी त्यात कोंबली. उघडली नाही. उघडणार नव्हतीच. मग निरोपाची.

ठकठक झालीच नाही. पडद्यावर ओळी उमटल्या. अक्षरं इंग्रजी, शब्द आपले.

आई, मी माझ्या मनाने जातोय. मला शोधू नका.

आई काचेला चिकटून एकेक अक्षर वाचत होती. पानाचा हात तसाच मशीनवर राहिला. तिने मांजराच्या फ्लॉपीकडे बघितलं. मग दादाच्या पेटीतल्या झिजक्या खुंटीकडे. मग दाराकडे.

“अगदी तस्संच,” आई डोळे पुसत म्हणाली. “भाऊजी, तेव्हा तुमच्या ऑफिसातल्या मशीनवर दाखवलंत ना, तसंच लख्ख.” ती आवाजाच्या अंदाजाने दाराकडे वळली. “आणि तुम्ही बाहेर का? या ना आत. इथे फरशीवर टेका घटकाभर.”

काका फरशीकडेच बघत होता.

“नको वहिनी,” तो म्हणाला. “मला आता निघायला हवं.”