इनामदाराचा चेहरा

इंद्रजितनं लॅपटॉप उघडला आणि सरफराज बोलायला लागला.

अंगात काळा झगा, ओठाच्या कडेला रक्ताचा ओघळ, मागं शूटिंगचा, मेढ्याजवळचा बंद बंगला. मालिकेत रोज संध्याकाळी दिसायचा तसाच. माणसांचं रक्त पिणारा, कधीच न मरणारा इनामदार. "मी परत आलोय," तो म्हणाला.

"हे त्यानं केलेलं नाही," इंद्रजित हळू आवाजात म्हणाला. "कॉम्प्युटरवर बनवलंय आमच्या मालिकेच्या लोकांनी."

तासगावचं हे घर सरफराजचं, त्याच्या आई-बापाचं. त्याच्या मौतीचा चाळिसावा दिवस नुकताच झाला होता. शूटिंग संपवून घरी येताना घाटात त्याची मोटरसायकल घसरली होती. आधी करून ठेवलेले भाग चॅनेलनं नंतरही दाखवले. तेही शनिवारी संपले.

त्याचे वडील रसूल बेदाण्याच्या शेडवरून तसेच उठून आले होते. त्यांनी पोराकडं एकदा बघितलं आणि मान फिरवली.

"मेलेल्या माणसाला कामाला लावणार व्हय तुमी?"

"तसं नाही, चाचा. इनामदार नसला तर मालिकाच बंद पडंल. लय माणसं हायत तिच्यावर. दुसरा कोण त्या झग्यात लोकांना चालणार नाही." त्यानं सरफराजच्या आईकडं, फरीदाकडंही बघितलं. "तुमी दोघांनी हो म्हटल्याबिगर आमी त्याचा चेहरा वापरणार नाही. म्हणून तर आलो."

"मग न्हाई म्हणतो मी."

"थांबा जरा," फरीदा म्हणाली.

ती भिंतीला टेकून बसली होती. सरफराज होता तोवर तिनं ही मालिका कधी बघितली नव्हती. आपल्या पोरानं लोकांच्या नरड्याला तोंड लावावं, खोटं का असेना, तिला सोसत नव्हतं. तो गेल्यावर मात्र एक संध्याकाळ चुकवली नाही. पडद्यावरची शवपेटी उघडून इनामदार उठला की ती बसल्या जागी पुढं सरकायची. रसूलना हे ठाऊक होतं.

"काय पन बोलतो ह्यो?" तिनं विचारलं.

"आपण लिहू ते बोलतो, चाची. आवाज त्याचाच."

"मला हाक मारायला लाव."

इंद्रजितची बोटं थांबली. शूटिंगच्या दिवसांत तो आणि सरफराज एकाच खोलीत राहायचे. "कशाला, चाची…"

"लाव."

त्यानं एक शब्द लिहिला. इनामदारानं मान वळवली, सरळ तिच्याकडं बघितलं.

"अम्मी."

अगदी तसंच. शेवट जरासा ओढून, बाहेरनं आल्यावर चपला काढता काढता म्हणायचा तसं. रसूल उठले आणि पाठ करून दारात जाऊन उभे राहिले.

फरीदा गुडघ्यांवर सरकत लॅपटॉपपाशी आली. अंगठ्यानं तिनं पोराच्या ओठावरचं रक्त पुसलं. ते गेलं नाही. पुन्हा पुसलं.

"कबरस्तानात न्यायच्या आदी तोंड दाखवलं मला ह्याचं," ती म्हणाली. "आंघोळ घातलेलं. लय सोच्छ दिसत हुतं. तेवडंच ऱ्हाऊ दे माज्याजवळ."

मग तिनं डोईवरचा पदर ओढून घेतला आणि त्या चेहऱ्यावर घातला.

पदराखालून हाक आली, "अम्मी." थोड्या वेळानं परत आली. तो पदर बाजूला करून यंत्र बंद करायला इंद्रजितचा हात धजेना.